लाडू घोरतो त्याची गोष्ट

मे महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी एक अठरा सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता. आठवतोय ना? अंधार, मोबाईलच्या बॅटरीचा उजेड, फरशीवर आडवा पसरलेला पांढरा ससा आणि 'घुर्रर्र... फीं... घुर्रर्र... फीं' असा आवाज. त्यावर धडाधड हसरे चेहरे आले. मी मोजले, सदतीस होते. सोलापूरच्या भाऊजींनी लिहिलं, "नाना परत आले!" नागपूरच्या आत्यांनी तर तो त्यांच्या भिशीच्या ग्रुपवरही पाठवला. व्हिडिओखाली मीच लिहिलं होतं, "लाडोबा ढाराढूर!"

आजचं हे लिखाण त्या सदतीस हसऱ्या चेहऱ्यांसाठी आहे. कोणी वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यात आधी हसले होते ती मीच.

नाना म्हणजे माझे सासरे. ब्लॉगवरच्या नव्या मंडळींना ते माहीत नसतील. त्यांच्या घोरण्याचे किस्से आमच्याकडे अजून प्रत्येक लग्नकार्यात निघतात. एकदा पंढरपूरला धर्मशाळेत शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी रात्री दोन वाजता दार वाजवून विचारलं होतं म्हणे, "आत पाण्याचा पंप चालू राहिलाय का?" तर ते असो. नानांकडे मी परत येणार आहे.

लाडू आमच्याकडे आला २०२१ च्या दिवाळीत. लॉकडाऊनच्या काळात लेकीने घरात बसून जे काही सोसलं त्याची भरपाई म्हणून कुत्रा मागितला होता. सोसायटी, लिफ्ट, शेजारी असा सगळा विचार करून आम्ही सशावर तडजोड केली. दुकानात मिळतो तो नेहमीचा, पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. "आवाज करत नाही, वास येत नाही, गाजर टाकलं की झालं," असं दुकानदार म्हणाला होता. या तीन वाक्यांपैकी एकही खरं नव्हतं हे कळायला आम्हाला साडेतीन वर्षं लागली.

आता आवाजाचं म्हणाल तर आम्ही राहतो ताथवड्यात, हायवेच्या अंगाला. मुंबई-बंगळुरू हायवेवर रात्री अकरानंतर अवजड गाड्यांची जी रांग लागते तिच्या घरघरीत आमची झोप घडलेली आहे. एका बाजूला इमारती उठताहेत, तिथे रात्री-अपरात्री काँक्रीटचे मिक्सर येतात. वर पंखा, स्वयंपाकघरात फ्रिज. या सगळ्यात दीड-दोन किलोचा ससा काय आवाज करतो हे ऐकू येणार तरी कसं? ते ऐकू आलं मे महिन्यातल्या त्या वळवाच्या रात्री. वारा सुटला, लाईट गेली, पंखा थांबला. गाड्याही क्षणभर थांबल्यासारख्या वाटल्या. आणि अंधारात हॉलच्या कोपऱ्यातून आलं, घुर्रर्र... फीं...

मला आधी वाटलं सासूबाई. (आई, माफ करा.) मग त्याच माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगो, हा घोरतोय!" मग काय, बॅटरी लावली, व्हिडिओ काढला, पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

खरं तर ससे घोरतात. त्यात आक्रीत काही नाही. आखूड नाकाच्या, चपट्या तोंडाच्या जातीचे जास्त घोरतात, लठ्ठ झालेलेही घोरतात. झोपेत स्वप्न पडल्यासारखे पाय झाडतात, मिशा थरथरतात, मध्येच बारीक 'कुंई' करतात. झोपलेला ससा ओळखणंच मुळात कठीण. बऱ्याचदा तो डोळे उघडे ठेवूनच झोपतो. पहिले दोन महिने तर आम्हाला वाटायचं हा झोपतच नाही. मग लेकीने शोध लावला की नाक बघायचं. जागेपणी सशाचं नाक सारखं हलत असतं, ते हलायचं थांबलं की स्वारी झोपली.

सशाच्या बाकीच्या आवाजांचाही लेकीने एक कोश केला आहे, वहीत. रागावला की नाकातून 'हुं' करतो. लाडात आला की पायांभोवती गोल फिरत बारीक गुणगुणतो. धोका वाटला की मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटतो. रानातली ही रीत, बिळातल्या बाकीच्यांना इशारा म्हणून. तुम्ही म्हणाल रानातला ससा तर बिळात राहत नाही. बरोबर आहे. आपल्या माळावर, डोंगरउतारावर दिसतो तो ससा वेगळा. तो गवतात नुसती बसायला जागा करतो, बीळ खणत नाही आणि तो पाळायलाही कायद्याने बंदी आहे. हे घरात पाळायचे पांढरे म्हणजे युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशांची पिलावळ.

पाय आपटण्याचा अर्थ आम्हाला एकदाच पुरता कळला होता. ८ ऑक्टोबर २०२३ ची रात्र ताथवड्यात राहणारं कोणी विसरणार नाही. टँकरमधून चोरून गॅसच्या टाक्या भरत होते आणि एकामागून एक स्फोट झाले. आजूबाजूला उभ्या असलेल्या शाळेच्या बसही जळाल्या. आमच्या खिडक्या थरथरल्या. आम्ही सगळे गॅलरीत धावलो आणि मागे हॉलमध्ये लाडू पाय आपटत होता, धप, धप, धप, थांबतच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने कशाला तोंड लावलं नाही. तेव्हा फोनवर एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर त्याला 'उपास' म्हणायचं नाही, ती धावपळ करायची वेळ. त्याचं आतडं सतत चालतं लागतं. ते थांबलं की आत वायू धरतो आणि ससा एक-दोन दिवसांत जातोसुद्धा. घाबरून थांबू शकतं, उन्हाने थांबू शकतं, कुठे दुखत असलं तरी थांबू शकतं. त्या वेळी संध्याकाळी कोथिंबिरीची काडी त्याने ओढली आणि आम्ही सुटलो.

म्हणजे बघा, या प्राण्याचं सगळं आवाजातूनच आणि खाण्यातूनच कळतं हे आम्हाला आधीच माहीत होतं. तरी घोरण्याला आम्ही हसलो.

जूनमध्ये लेकीने तिच्या वहीत एक नवीन नोंद केली: "रात्री ३ वाजता. दातांचा आवाज. कर्र कर्र. खूश आहे." खूश आहे असं तिला वाटलं कारण ते आम्हीच तिला शिकवलं होतं. सशाला कुरवाळलं की तो दातांवर दात अगदी हलके घासतो, हाताला कंप जाणवतो. मांजराच्या गुरगुरीसारखंच ते, सुखाचं लक्षण. ते खरं आहे. पण सुखाचा आवाज कान जवळ नेल्याशिवाय नीट ऐकूसुद्धा येत नाही. लेकीला तो तिच्या खोलीतून ऐकू आला होता. आणि लाडू पसरून झोपलेला नव्हता, पाठीला कुबड काढून कोपऱ्याकडे तोंड करून बसला होता. कोणी हातही लावलेला नव्हता. हाच दातांचा आवाज मोठा झाला, एकटा असताना आला, अंग आखडलेलं असलं, की त्याचा अर्थ बरोबर उलटा. दुखतंय.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वहीतली नोंद मी वाचली आणि तिच्या अक्षराचं कौतुक केलं.

गोष्ट लक्षात आली ती सासूबाईंच्या. त्या रोज सकाळी लाडूला फडक्याने पुसतात. एक दिवस म्हणाल्या, "याचे पुढचे पाय आतल्या बाजूने सारखे चिकट का होतात गं? मी चार दिवस पुसतेय." मी म्हटलं, आई, पाणी सांडत असेल. त्या म्हणाल्या, "पाणी सांडलं तर छाती भिजेल. हा नाक पुसतोय पायाला. लहान पोरं बाहीला पुसतात तसं."

अगदी हेच. सशाचं नाक वाहिलं तरी आपल्याला दिसत नाही, कारण तो इतका टापटिपीचा प्राणी की लगेच पुढच्या पायांनी पुसून घेतो. नाक कोरडं, पांढरं, छान. पुरावा सगळा पंजाच्या आतल्या बाजूला. केस चिकटून त्यांच्या वाती झालेल्या. मी पाय उलटा करून बघितला आणि पोटात गोळाच आला. डावा डोळाही ओलसर होता. किती दिवस?

त्या रात्री मी जे करायला निघाले होते ते लिहायची लाज वाटतेय, पण लिहिते, कारण तुमच्यापैकी कुणीही हेच करेल. फ्रिजमध्ये लेकीच्या सर्दी-खोकल्याचं राहिलेलं अमॉक्सिसिलिनचं औषध होतं. इतक्या छोट्या जिवाला दोन थेंब, काय होणार आहे? ड्रॉपर धुऊन घेतलासुद्धा. नवरा म्हणाला, "एकदा कुणाला तरी विचार." २०२३ सालच्या त्या डॉक्टरांचा नंबर होता, मेसेज टाकला. रात्री साडेदहाला त्यांचा उलट फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही. "दिलंत का?" नाही म्हटल्यावर हुश्श केलेलं मला फोनमधून ऐकू आलं.

पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं सशाला तोंडावाटे द्यायची नसतात. आपल्या पोराला जे औषध बिनदिक्कत चालतं ते सशाच्या आतड्यातल्या उपयोगी जंतूंचा फडशा पाडतं, मग भलतेच जंतू माजतात, त्यांचं विष अंगात भिनतं, जुलाब होतात आणि ससा काही दिवसांत मरतो. सर्दीने मेला नसता तो माझ्या दोन थेंबांनी मेला असता. ते औषध त्याच रात्री टाकून दिलं.

ते डॉक्टर परगावी होते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आधी जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे बाहेर एक भलामोठा लॅब्राडोर बसला होता, त्याला बघून लाडू खोक्यात दगड झाला. आतल्यांनी खोक्यात वरून बघितलं आणि सांगितलं की हवा बदलली की होतं असं, गरम ठेवा. पिंपरी-चिंचवडमध्ये जनावरांचे दवाखाने रग्गड आहेत, पण ससा हातात धरायची सवय असलेला डॉक्टर विरळा. त्यात त्यांची तरी काय चूक, दिवसाला पन्नास कुत्री-मांजरं आणि महिन्याला एखादा ससा. घरी आलो. 'गरम ठेवा' ऐकून सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "जूनमध्ये?" सशाला तर उलट उकाडाच सोसत नाही. तीस अंशांच्या पुढे तो धापा टाकायला लागतो. मे महिन्यात आम्ही बर्फ केलेली बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवतो.

मग चार दिवस शोधाशोध करून, ओळखीतून ओळख काढत, पुण्यात एक डॉक्टर मॅडम सापडल्या. नाव लिहीत नाही. ज्यांना हवं त्यांनी फोन करा, देईन. त्यांनी लाडूला टेबलावर न ठेवता स्वतः जमिनीवर मांडी घातली, टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला. मी मोबाईल काढून तो व्हिडिओ दाखवला. त्या हसल्या नाहीत. तीनदा बघितला. डोळे मिटून, नुसता ऐकला.

मग त्यांनी कापसाची एक बारीकशी बट काढली आणि उजव्या नाकपुडीसमोर धरली. बट नाचायला लागली. डाव्या नाकपुडीसमोर धरली. जवळजवळ स्थिर. एवढंच. कुठलं यंत्र नाही, काही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिथे.

त्यांनी समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. आपलं नाक चोंदलं तर आपण तोंडाने श्वास घेतो. सशाचं तसं नाही. त्याच्या श्वासनळीवरचं झाकण टाळूच्या मागे वर अडकून बसलेलं असतं, त्यामुळे हवा नाकातूनच जाते-येते. नाकच त्याचं सर्वस्व. ससा तोंड उघडून श्वास घेताना दिसला तर ती अखेरची धडपड समजायची आणि निघायचं. म्हणून माणसाच्या घोरण्यात आणि सशाच्या घोरण्यात फरक. आपलं घोरणं बहुतेकदा घशातलं, याचं बऱ्याचदा नाकातलं. एखादा ससा लहानपणापासून तसाच घोरत असेल, खात-पीत-खेळत असेल, नाकडोळे कोरडे असतील, तर घोरू दे बापडा. पण आधी घोरत नव्हता आणि आता घोरतो, किंवा आवाज बदलला, किंवा जागेपणीही येतो, म्हणजे वाटेत काहीतरी आलंय.

"याआधी कधी घोरायचा?" त्यांनी विचारलं. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. ठाऊकच नव्हतं. मेपूर्वी पंखा कधी बंदच केला नव्हता.

वाटेत काय असतं? एक म्हणजे जंतू. पाश्चुरेला नावाचा जंतू सशांत फार. अनेकांच्या नाकात तो वर्षानुवर्षं गप्प बसलेला असतो आणि धूळ, कोंदट हवा, भीती, म्हातारपण असं निमित्त मिळालं की उठतो. लघवीच्या ट्रेमधला उग्र वाससुद्धा त्याचं नाक सोलून काढतो. (ट्रे मी दोन दिवसांनी बदलत होते. आता रोज. आणि खिडकीला, त्या मिक्सरच्या धुळीसाठी, ओला पडदा.) दुसरी गोष्ट मात्र माझ्या स्वप्नातही आली नसती. दात.

सशाला अठ्ठावीस दात आणि सगळेच्या सगळे जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोन मिलिमीटरच्या आसपास. ते झिजतात ते गवताने. ससा गवत चावताना जबडा आडवा फिरवतो, जात्यासारखा, तासन् तास. गवत नसेल, मऊ मऊ खाणं असेल, तर दाढा झिजत नाहीत. वरून टोकदार होऊन जिभेला, गालाला टोचतात. आणि वर वाढायला जागा नसली की मुळाकडून उलट्या दिशेने रेटा बसतो. वरच्या दाढांच्या मुळांच्या वर काय असतं? नाक. आणि डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी.

एक्स-रे काढला. डावीकडच्या दोन दाढांची मुळं वर सरकलेली मलाही दिसली. डॉक्टर मॅडमनी कानात बघायची दुर्बीण तोंडात घालून दाढांची टोकंही दाखवली. म्हणजे रात्रीचं कर्र कर्र ते. आणि घुर्रर्र फीं ते. आणि ओला डोळा तो. सगळं एकच.

"काय खातो हा?" त्यांनी विचारलं. मग मी यादी सांगायला लागले. गाजर. सफरचंदाची फोड. कोथिंबीर. दुकानातल्या गोळ्या, वाटीभर. पोळीचा तुकडा. मारी बिस्किट, कारण त्याला फार आवडतं. यादी संपेपर्यंत माझाच आवाज खाली गेला होता.

"आणि गवत?"

मंडळी, आमच्या ताथवड्यात पशुसंवर्धन खात्याचं वळू माता प्रक्षेत्र आहे. हे गाव महापालिकेत २००९ साली आलं, टॉवर त्यानंतर उठले, पण वळूंची आणि त्यांच्या चाऱ्याची ती जागा अजून आहे. आम्ही येता-जाता ते हिरवं कुंपणाबाहेरून बघतो. एवढा चारा शेजारी असून आमच्या घरातलं एकमेव गवत खाणारं जनावर मारी बिस्किटावर वाढत होतं. सासूबाईंचं माहेर शेतकऱ्याचं. त्या रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "बैलाला कोणी बिस्किट घालतं का? मला कळायला नको होतं?" मी म्हटलं, आई, ससा म्हणजे बैल असं आपल्याला कुठे वाटलं. "मग काय वाटलं?" खेळणं वाटलं, असं मी म्हणाले नाही.

आधी तीन आठवडे औषध. सशाला चालणारं, एनरोफ्लॉक्सॅसिन, शिवाय दुखण्यावरचं. दिवसातून दोनदा लेकीच्या जुन्या नेब्युलायझरने साध्या सलाईनची वाफ. एका मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात लाडू, झाकणाला भोकं, शेजारी बसून लेक त्याला गणिताचे पाढे म्हणून दाखवणार. नाक मोकळं झाल्यावर मग भूल देऊन दाढा घासायच्या.

भूल म्हटल्यावर घरात दोन तट पडले. मी वाचत बसले आणि नको ते वाचलं. ब्रिटनमधली एक मोठी पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली होती. तिच्यात भुलीशी निगडित मृत्यूचं प्रमाण कुत्र्यांत हजारी दोनाहूनही कमी होतं, सशांत हजारी चौदाच्या आसपास. अगदी धडधाकट सशांचे आकडे कमी आहेत, आजारी सशांचे बरेच जास्त. आमचा नाक चोंदलेला. नवरा म्हणाला, "राहू दे मग, औषधावर बघू. घोरतोच आहे ना नुसता."

तेव्हा सासूबाई बोलल्या. भाजी निवडता निवडता, वर न बघता. "नानांचंही तेच म्हणत होतो आपण. नुसते घोरतात. मध्येच आवाज थांबायचा, मी मनात दहा-बारापर्यंत आकडे मोजायची, मग एकदम धसका खाल्ल्यासारखा श्वास यायचा. चाळीस वर्षं मोजले मी आकडे. कुणा डॉक्टरला सांगावं असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. लोक हसायचे, मी पण हसायची."

नानांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. झोपेत गेले. त्याचा घोरण्याशी संबंध होता की नाही हे आता कोणी सांगू शकणार नाही आणि आईंनीही तसं काही म्हटलं नाही. पण त्या मोजत होत्या हे नवऱ्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो उठून गॅलरीत गेला. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाला, "शनिवारची वेळ घे."

शनिवारी सकाळी सासूबाईंनी विचारलं, "उपाशी न्यायचं ना?" ऑपरेशन म्हणजे उपाशी, हे आपल्या डोक्यात पक्कं. पण सशाला उलटीच करता येत नाही, तशी रचनाच नाही त्याची, त्यामुळे ती भीती नाही. उलट उपाशी ठेवलं तर आतडं थांबायची भीती. म्हणून तो दवाखान्याच्या दारापर्यंत गवत खात गेला. त्याच्या खोक्यात त्याचंच जुनं फडकं टाकलं होतं, त्याला स्वतःचा वास यावा म्हणून.

पाऊण तास. एवढंच सांगते, त्या पाऊण तासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. लेक पाढे म्हणत होती.

बाहेर आणला तेव्हा टॉवेलात गार पडलेला, कान लोंबते. खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली, कारण जागा होणं म्हणजे सुटला असं नाही, खाल्लं म्हणजे सुटला. गोळ्या पाण्यात भिजवून त्यांची पेज करून सिरिंजने गालाच्या कडेने थोडी थोडी घालायची, दर दोन-तीन तासांनी. रात्री अकरा, नवरा. दीड, मी. चार, सासूबाई. त्या चारच्या पाळीला त्यांनी आम्हाला उठवलं. लाईट लावून, फरशीकडे बोट दाखवत उभ्या होत्या. सात लेंड्या. बारक्या, वाळक्या, मिरीएवढ्या. पण आतडं चालू झालं होतं. आमच्या ग्रुपवर पहाटे सव्वाचारला "लाडूने सात लेंड्या टाकल्या" असा मेसेज का आला होता, हे ज्यांना तेव्हा कळलं नव्हतं त्यांना आता कळलं असेल. सोलापूरच्या भाऊजींनी त्यावर हात जोडलेले पाठवले होते. भाऊजी, तुमचा नानांवरचा विनोद मी तेव्हाच माफ केला.

आता गवत. बाहेरचं ते तिमोथी नावाचं सुकं गवत पाकिटातून मिळतं, महाग आहे. मग एका गोठेवाल्याशी ओळख काढली, तो मारवेल देतो, आम्ही गॅलरीत सावलीत वाळवतो. लसूणघास मात्र मोठ्या सशाला रोज नको म्हणाल्या डॉक्टर, त्यात कॅल्शियम फार. गवत झटकून, धूळ काढून द्यायचं. गणपतीत दूर्वांची जुडी आणली तर त्यातल्या एकवीस देवाला आणि उरलेल्या धुऊन लाडूला. बिस्किट बंद झाल्यावर तो आठवडाभर आमच्याकडे पाठ करून बसत होता. हुं, हुं. वहीत तशी नोंद आहे.

दाढांची मुळं आत सरकली ती सरकली, ती परत येत नाहीत. दर सहा-आठ आठवड्यांनी दाखवायचं, वाटलं तर परत घासायचं. नाकाची ती बाजू थोडी अरुंदच राहणार. म्हणजे तो घोरणार. पण आता आम्ही पंखा बंद करून ऐकतो. रोज रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं, टीव्ही बंद, पंखा बंद, मोबाईल उलटा. लेक घड्याळ घेऊन छातीचे ठोके नाही, श्वास मोजते. मिनिटाला तीस ते साठ ठीक, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. पाहुणे आले की त्यांना वाटतं आमच्याकडे काही व्रत आहे.

गेल्या आठवड्यात पाऊस झोडपत होता, परत लाईट गेली. मी पाण्याला उठले तर हॉलमध्ये सासूबाई अंधारात खुर्चीवर बसलेल्या. खाली लाडू, पसरलेला, नाक शांत. फीं... फीं... फीं...

"आई, झोपला नाहीत? काय झालं?"

"काही नाही गं. वाजतंय," त्या म्हणाल्या. "पण नेहमीचं वाजतंय. जा तू, झोप."